रक्त येत होतं, दुखत नव्हतं

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या खालच्या जबड्यातली उजवीकडची हिरडी उघडली, आतलं साफ केलं आणि परत टाके घालून शिवली. त्याच्या आधी पाच महिने आणि नंतरही कितीतरी वेळा मी तासगावहून सांगलीच्या डेंटल कॉलेजला एसटीने जात राहिले. हे लिहायला बसण्याचं कारण आमच्या पतसंस्थेतल्या बायका. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला तेव्हा कळलं, की ब्रश करताना रक्त येणं जवळपास प्रत्येकीच्या ओळखीचं आहे आणि ते दाखवायला एकही जण कधी गेलेली नाही. मीही चौदा वर्षं गेले नव्हते.

माझं रक्त कधी सुरू झालं ते मला नेमकं आठवतं, कारण तेव्हा मी मिश्री सोडली होती.

आमच्याकडे मिश्री घरीच भाजायचे. आई लोखंडी तव्यावर तंबाखू टाकायची, तो काळा होईपर्यंत परतायची, मग हाताने चुरून वस्त्रगाळ करून डबीत भरायची. ठसक्याने आम्ही पोरी अंगणात पळायचो. नववीत असताना मीही बोटाने ती दाताला लावायला शिकले, आणि एकदा लावली की ती न लावता सकाळ सुरू होत नाही. दुकानात मिळणाऱ्या दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ साली बंदी आली, पण घरच्या तव्यावर कोण काय भाजतं ते कोण बघणार? मुलाच्या वेळी दिवस राहिले तेव्हा वासानेच मळमळायला लागलं, डॉक्टरांनीही दटावलं आणि मी मिश्री कायमची सोडली. दोनेक महिन्यांत चूळ भरली की बेसिनमध्ये लाल दिसायला लागलं. आई म्हणाली, "बघ, मिश्री सोडलीस म्हणून रगात यायला लागलं. मिश्रीनं हिरडी घट्ट राहते." मला ते पटलं. न पटायला काय होतं? लावत होते तोवर रक्त नव्हतं, सोडल्यावर आलं.

याचा खरा अर्थ मला चौदा वर्षांनी कळला. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालूच असतो, फक्त रक्त कमी दिसतं. त्यात गरोदरपणात हिरड्या तशाही सुजतात. म्हणजे माझी हिरडी मिश्रीने घट्ट झालेली नव्हती, तिचा आवाज बंद केलेला होता. आईच्या हिरडीतून कधी रक्त आलं नाही, आणि पन्नाशी उलटायच्या आत तिचे वरचे सगळे दात एकेक करून हातात आले. आम्ही समजलो, आमच्या घराण्याचे दातच तसे.

मधल्या काळात एकदा दाढ भरायला गेले होते. तेव्हा त्या डॉक्टरांनी क्लीनिंग करून घ्या म्हणून सांगितलं होतं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात, आमच्या नणंदेचे तसेच गेले." ही समजूत आमच्याकडे इतकी पक्की आहे, की मी तो कागद कपाटात ठेवला आणि विषय संपवला. रक्त जास्त आलं की मिठाने घासायचं, एखादा दात ठणकला की लवंगेचं तेल. ठणका क्वचितच असायचा. हेच मला सगळ्यांत आधी सांगायचंय. दात किडला तर तो रात्रभर झोपू देत नाही, माणूस आपोआप दवाखाना गाठतो. हिरडीचा आजार दुखत नाही. दाताखालचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं आणि दात हलायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही.

माझ्या बाबतीत पत्ता लागला तो मुलाच्या दातामुळे.

ऑक्टोबरात शाळेत कबड्डीचा सराव चालू होता. पकडीत एका मुलाचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. सरांचा फोन आला, "ताई, दात सापडलाय. दुधात ठेवलाय. सरळ डॉक्टरांकडे या, आम्ही निघालोच." दात दुधात का ठेवला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. त्या सरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी मैदानातल्या मातीतून दात शोधला, मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलला, नळाखाली जेमतेम धुतला, अजिबात घासला नाही, आणि समोरच्या टपरीवरून थंड दुधाची पिशवी आणून पेल्यात बुडवला. चाळीस मिनिटांच्या आत मुलगा खुर्चीत होता. डॉक्टरांनी भूल दिली, दात सलाईनने धुतला, जागेवर बसवला आणि बारीक तारेने शेजारच्या दातांना चिकटवून ठेवला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दोन आठवड्यांनी तार काढली, त्याच सुमारास रूट कॅनाल केलं.

डॉक्टर सांगत होते, मुळावर पेशींचा एक पातळ थर असतो, त्याच्यामुळे दात हाडाला धरून राहतो. दात रुमालात बांधून आणला की तो थर वाळतो. साध्या पाण्यात ठेवला तर पेशी फुगून फुटतात. दुधात त्या काही तास तग धरतात. त्यातही सगळ्यांत चांगलं म्हणजे जागच्या जागी दात परत खोबणीत बसवून रुमाल चावायला देणं, पण तेवढं धाडस सगळ्यांना होत नाही. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. मुलाचा दात आज त्याच्या तोंडात आहे. पुढे काही वर्षं मूळ झिजतंय का ते फोटो काढून बघत राहायला सांगितलंय. आता तो माउथगार्ड घातल्याशिवाय मैदानात उतरत नाही. आधी बाजारात मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा आणला होता, पण बोलताना आणि श्वास घेताना त्याला अडचण व्हायची. मग डॉक्टरांकडून दातांचं माप देऊन करून घेतला. तो महाग पडला, पण तो तोंडात राहतो.

तर त्या दिवशी सगळं उरकल्यावर मी पैसे द्यायला काउंटरपाशी उभी होते. डॉक्टर हात पुसत आले आणि म्हणाले, "ताई, मुलाचा दात तर आपण परत बसवला. तुमचे किती हलतायत?"

मी म्हटलं, "दोन." आणि मला तिथेच रडू आलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी तपासलं आणि सांगलीच्या डेंटल कॉलेजला चिठ्ठी दिली. उपचार लांबणारे आहेत, खासगीत खर्च फार होईल, आणि तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. एवढं सरळ सांगणारा डॉक्टर भेटणं हेही नशीब.

कॉलेजात एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, करणाऱ्या एका मुलीकडे माझी फाइल आली. ती मला काकू म्हणायची, मी तिला मॅडम. पहिल्या दिवशी तिने एक बारीक सळई घेतली. तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा होत्या. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती सळई हलकेच टेकवायची, किती आत जाते ते बघायचं, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. शेजारी दुसरी मुलगी लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. सहा, पाच, सात." प्रत्येक दाताच्या सहा जागा, बाहेरून तीन आणि आतून तीन. माझे २८ दात, म्हणजे १६८ आकडे. माझा दिवस आकडे मांडण्यात जातो, त्यामुळे ती वही मला लगेच कळली. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खिसा झालेला. जिथे रक्त आलं तिथे लाल टिंब. माझ्या कागदावर लाल टिंबं नव्हती अशी ओळच नव्हती. वरच्या डावीकडच्या शेवटच्या दाढेला तिने "आठ" म्हटलं आणि लिहिणारी मुलगी क्षणभर थांबली.

मग ओपीजी काढला. हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि सगळा जबडा एका पट्टीवर उमटतो. निरोगी हाड दाताच्या मानेच्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खाली असतं. माझ्या दाढांपाशी ते निम्म्या मुळापर्यंत उतरलं होतं. मॅडमनी पेन्सिलीने रेघ काढून दाखवली. गेलेलं हाड पूर्वीसारखं भरून येत नाही, आहे ते राखायचं, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. नुसती हिरडी सुजलेली असते त्या पायरीवर आजार पूर्ण बरा होतो, हाडापर्यंत गेला की थांबवता येतो. त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये माझी चौदा वर्षं होती.

रक्ताची तपासणी केली तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, ८.४. मला मधुमेह होता आणि मला माहीत नव्हतं. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोरात चालतो, आणि हिरडीत सतत सूज असली की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. दोन्ही एकमेकांना धरून असतात. गोळ्या सुरू झाल्या. साखर खाली आल्याशिवाय कापाकापी नाही, असं विभागातल्या सरांनी बजावलं.

पहिला धडा मात्र ब्रशचा होता, आणि तो मला फार लागला. त्यांनी दातांना गुलाबी रंगाचं औषध लावलं, चूळ भरायला लावली आणि आरसा हातात दिला. जिथे जिथे थर राहिलेला होता तिथे गडद गुलाबी. मी सकाळी पाच मिनिटं घासून आले होते. समोरून दात पांढरे होते. तोंड उघडून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आरसा धरला, तर तिथे सलग गुलाबी पट्टा, हिरडीला लागून. जिभेखाली लाळेच्या ग्रंथीचं तोंड तिथेच उघडतं, लाळेतले क्षार त्या मऊ थरात बसतात आणि त्याचं दगडासारखं कीटण होतं. मऊ थर ब्रशने जातो. कीटण झालं की ते ब्रशने, मिठाने, कशानेच जात नाही. मॅडमनी माझा हात धरून दाखवलं, मऊ ब्रश, तिरका, केसांची टोकं हिरडीच्या कडेत, जागच्या जागी हलकं थरथरवायचं. आडवं खसाखसा घासायचं नाही. दोन दातांमधल्या फटींसाठी बाटलीच्या ब्रशासारखा चिमुकला ब्रश. पहिले आठ-दहा दिवस त्यानेही रक्त आलं, मी घाबरले, तिने फोनवर सांगितलं, थांबू नका. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एके सकाळी चूळ भरली आणि पाणी पांढरं पडलं. मी परत एकदा चूळ भरून पाहिली.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला माझ्या पांढऱ्या चुळीचा उलगडा झाला. वरवरची सूज खरंच इतक्या लवकर उतरते.

नोव्हेंबरात डीप क्लीनिंग झालं, दोन बैठकांत, एकदा उजवी बाजू, एकदा डावी. भुलीची इंजेक्शनं टोचतात तेवढंच. मग यंत्राची बारीक किणकिण, पाण्याचा फवारा, आणि नंतर हाताच्या हत्याराने मुळावर खरवडणं. दुखत नाही, पण कवटीत आवाज ऐकू येतो. खालच्या दातांमागून निघालेला एक तुकडा तिने कापसावर ठेवून दाखवला. ज्वारीच्या दाण्याएवढा, हिरवट काळा, एका बाजूने दाताच्या आकाराचा खोलगट साचा. तो वर्षानुवर्षं माझ्या तोंडात होता आणि जीभ त्याला दातच समजत होती.

घरी आले आणि जिभेला फटी लागायला लागल्या. खालच्या पुढच्या दातांमध्ये वारा जातोय असं वाटायचं. गार पाण्याने शिणशिण उठायची. दात हलत असल्याचा भास व्हायचा. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" त्या रात्री मला झोप लागली नाही. उरलेली बाजू करायला जायचं नाही असं मी जवळजवळ ठरवलं होतं. सकाळी मॅडमना फोन केला. माझ्या घरी द्राक्षबाग आहे हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "काकू, बागेतल्या डांबाच्या बुडाची माती वाहून गेली आणि खड्ड्यात दगडगोटे अडकून बसले, तर डांब घट्ट वाटेल की नाही? ते दगड आम्ही काढले. माती आधीच गेली होती. आता सूज उतरेल, हिरडी मुळाला परत बिलगेल, थोडं थांबा." शिणशिणीसाठी वेगळी पेस्ट दिली. तीन-चार आठवड्यांत ती कमी झाली, आणि दोन हलणाऱ्या दातांपैकी पुढचा दात खरोखर घट्ट झाला. सासूबाईंच्या नणंदेचं काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. त्यांचे दात क्लीनिंगने गेले नव्हते, क्लीनिंगला त्या फार उशिरा गेल्या होत्या.

दुसरा हलणारा दात, आठचा आकडा असलेली ती वरची दाढ, वाचली नाही. जानेवारीत परत मोजमाप झालं तेव्हा सातचे बरेचसे पाच आणि चार झाले होते, पण ती दाढ वर-खालीही हलत होती. ती काढली. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तिथे इम्प्लांट बसवता येईल का, असं विचारलं तर सर म्हणाले, टायटॅनियमचा स्क्रू धरायलाही हाडच लागतं, आणि ज्या आजाराने दात गेला तो चालू असेल तर इम्प्लांटच्या भोवतीही तसाच आजार होतो. आधी हिरड्या, मग साखर, मग तो विचार. लेझरच्या जाहिराती बघून मी तेही विचारलं. त्यांनी सांगितलं, लेझर हे एक हत्यार आहे, त्याने मूळ साफ करण्याचं काम टळत नाही.

खालच्या उजव्या दाढेपाशी सातचा आकडा हटत नव्हता. फोटोत तिथे हाडात विहिरीसारखा उभा खड्डा दिसत होता, आणि वरून हत्यार तळापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून मार्चमध्ये फ्लॅप सर्जरी. एचबीएवनसी तोवर ७.२ वर आलं होतं, त्यात मुख्य वाटा गोळ्यांचा आणि चालण्याचा. दीड तास लागला. हिरडी पुस्तकाच्या पानासारखी बाजूला केली, आतला सडका भाग खरवडून काढला, डोळ्यांना दिसेल असं मूळ साफ केलं, खड्ड्यात हाडाची भुकटी भरली आणि टाके घातले. वरून गुलाबी लांबीसारखं पॅक. आठवडाभर भाकरी बंद. गुरगुट्या भात, ताक, खिमट. त्या बाजूला ब्रश लावायचा नाही, त्याऐवजी क्लोरहेक्सिडिनच्या औषधाने सकाळ-संध्याकाळ एक मिनिट चूळ, आणि पेस्ट व चूळ यांच्यात अर्धा तास अंतर. त्याने चहाची चव गेली आणि दातांवर तपकिरी डाग आले, ते नंतर पॉलिशने निघाले. हे औषध सांगितलेल्या दिवसांपलीकडे स्वतःच्या मनाने चालू ठेवायचं नसतं. दहाव्या दिवशी टाके निघाले.

भुकटी भरलेल्या जागी सहा महिने सळई घालत नाहीत. सप्टेंबरमध्ये फोटो काढला, तेव्हा खड्ड्याच्या जागी धुरकट पांढरं दिसत होतं. मोजमाप झालं, "तीन, तीन, चार."

आता दर तीन महिन्यांनी जाते. मागच्या खेपेला आईला बरोबर नेलं. सुरुवातीला ती तयार नव्हती, "माझं आता काय राहिलंय तोंडात?" म्हणाली. खाली सहा दात आहेत. मॅडमनी आधी तिचे दोन्ही गाल आणि जीभ उजेडात नीट तपासली. मिश्री लावणाऱ्यांच्या गालात पांढरे चट्टे आहेत का ते त्या आधी बघतात. उजव्या गालाच्या आत, जिथे ती वर्षानुवर्षं बोट फिरवते, तिथे एक चट्टा होता. त्यातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रिपोर्ट चांगला आला, पण मिश्री बंदच करायची आणि दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं, असं सरांनी तिला समोर बसवून सांगितलं. तिने मिश्रीची डबी माझ्या हातात दिली नाही, नातवाच्या दिली. माझ्या १२ तारखेच्या खेपेला आम्ही दोघी जाणार आहोत, तिच्या सहा दातांचं मोजमाप व्हायचंय.